नळीचं तोंड पाण्याबाहेर

वलगावहून आम्ही बचत गटाच्या बाया बोलतो आहोत. नळाला पाणी येत नाही, ही तक्रार आपण नेहमीच करतो. आज बोलायचं आहे ते उलट्या जाणाऱ्या पाण्याबद्दल. हो, उलट्या. नळातून पाणी घरात येतं, तसं ते घरातून नळाच्या लाइनीतही जाऊ शकतं, आणि मग शेजारणीच्या गुंडात पडतं.

पटत नसेल तर नळ जायच्या वेळी तोटी उघडी ठेवा आणि कान द्या. धार बारीक होते, थांबते, आणि मग आतून सूं करून आवाज येतो. तेव्हा पाइप हवा ओढत असतो. खालच्या अंगाच्या गल्लीत पाणी उतरून जातं, वरच्या घरांकडची लाइन रिकामी होते, आणि रिकामी होताना ती समोर असेल ते ओढून घेते. तोटी मोकळी असली तर हवा. तोटीला लावलेली नळी बादलीत बुडालेली असली तर त्या बादलीतलं पाणी. ट्रॅक्टरच्या टाकीतून डिझेल काढताना गडी नळीला तोंड लावून एकदा ओढतो, मग डिझेल आपोआप येत राहतं. इथेही तेच होतं, फक्त ओढणारं तोंड गावच्या लाइनीचं असतं.

जिथे चोवीस तास पाणी असतं, तिथे पाइप भरलेला राहतो आणि आतला दाब घाण आत येऊ देत नाही. आपल्याकडे लाइन रोज भरते आणि रोज रिकामी होते, कुठे कुठे तर दोन-चार दिवसांआड भरते. पूर्णेच्या खोऱ्यात, खारपाणपट्ट्यात, विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही, म्हणून सारी भिस्त नळावर. तिथे तर हे जास्तच जपायला पाहिजे.

आता नळी कुठे कुठे बुडालेली असते ते आठवा. कपडे भिजवलेल्या टपात. ढोरांच्या टाक्यात, जिथे म्हैस तोंड घालते. संडासाच्या बादलीत. आणि पावसाळ्यात, कपाशीवर फवारणी सुरू झाली की, औषधाच्या ड्रममध्ये.

या शेवटच्या जागेची आम्हाला सगळ्यात जास्त धास्ती आहे. 2017 च्या फवारणीच्या दिवसांत शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात विषबाधेने वीसहून जास्त शेतकरी आणि शेतमजूर दगावले. ती विषबाधा फवारताना अंगावर आलेल्या, श्वासात गेलेल्या औषधाने झाली होती, नळाने नाही. पण हे औषध किती जहाल असतं, ते त्यावरून कळतं. तेच औषध ड्रममध्ये कालवलेलं आहे, वरून नळी आत सोडली आहे, आणि तेवढ्यात नळ गेला तर? वावरातही हेच. विहिरीवरची मोटर चालू असते, नळी ड्रममध्ये असते आणि लाइट जाते. विहिरीतला फूट व्हॉल्व्ह गळका असला तर पाइपातलं पाणी खाली उतरतं आणि जाता जाता ड्रममधलं औषध विहिरीत घेऊन जातं. दुपारी त्याच विहिरीचं पाणी निंदणाऱ्या बाया पितात. जंतू असतील तर पाणी उकळून घेता येतं, टीसीएल टाकता येतं. फवारणीच्या औषधावर यातलं काहीच चालत नाही. म्हणून औषध कालवायच्या ड्रममध्ये नळी सोडायचीच नाही. पाणी वेगळ्या बादलीत घ्यायचं आणि बादलीने ड्रममध्ये ओतायचं. घरचा माणूस म्हणेल, एवढा खटाटोप कशाला. म्हणू द्या.

दुसरी गोष्ट खड्ड्यातल्या नळाची. दाब कमी, पाणी वर चढत नाही, म्हणून अंगणात हातभर खोल खड्डा करतात आणि पाइप खालीच कापून ठेवतात. ज्यांच्या घरी पाणी पोचत नाही, त्या बाईला आम्ही नावं ठेवणार नाही. तिने काय करावं? पण त्या खड्ड्यात नालीचं पाणी झिरपतं, भांडी विसळलेलं पाणी जातं, पोरं पाय धुतात. नळ गेला की बिनतोटीचा पाइप ते डबकं परत पितो. दुसऱ्या दिवशी पाणी सुटलं की पहिली धार त्याच डबक्याची, आणि ती त्याच घरात येईल असंही नाही.

अमेरिकेतही हेच घडलं आहे. वूस्टर नावाच्या शहरात होली क्रॉस कॉलेज आहे. 1969 साली तिथल्या फुटबॉल संघातल्या 97 जणांपैकी 90 जणांना काविळीच्या विषाणूची लागण झाली. दोन सामन्यांनंतर त्या वर्षीचा सगळा खेळ बंद करावा लागला. शोध घेतला तेव्हा कारण सापडलं. मैदानाला पाणी देणारे नळ जमिनीत खड्ड्यात बसवलेले होते, आणि जवळपासची पोरं त्या पाण्यात खेळत. त्यांच्यातल्या काहींना कावीळ होती. जवळच कुठे आग लागली, बंबवाल्यांनी लाइनीतून भराभर पाणी ओढलं, दाब उतरला आणि खड्ड्यातलं पाणी पाइपात शिरलं. पुढे खेळाडू तेच पाणी प्यायले. श्रीमंत देश, मोठं कॉलेज, पण खड्डा आपल्या अंगणातल्यासारखाच.

तिथे बंबाने ओढलं, आपल्याकडे टिल्लू पंप ओढतो. एका घराने थेट लाइनीवर टिल्लू लावला की शेजारच्या चार घरांची धार जाते, हे भांडण आपल्याला माहीतच आहे. पण तो नुसतं पाणी ओढत नाही. लाइनीला जिथे जिथे फट आहे, सांधा सैल आहे, पाइप नालीतून गेला आहे, तिथली घाणही आत ओढतो. आणि ती टिल्लूवाल्याच्याच टाकीत आधी जाते! पंप वापरायचाच असेल तर नळाचं पाणी आपसूक खालच्या हौदात पडू द्या आणि पंप त्या हौदातून वर चढवू द्या.

उपाय म्हणाल तर पहिला फुकटचा आहे. तोटी किंवा नळीचं तोंड भांड्याच्या काठाच्या वर, चार बोटं अंतर ठेवून राहू द्या. मध्ये हवा असली की पाणी उलटं चढू शकत नाही. बादली, हौद, छपरावरची टाकी, सगळीकडे हाच नियम. कित्येक हौदांत पाइप तळापर्यंत सोडलेला असतो, आवाज होऊ नये म्हणून. तो कापून वर घ्या. नळी वापरून झाली की काढून खुंटीला टांगा.

दुसरा उपाय एनआरव्हीचा, म्हणजे पाणी एकाच दिशेने जाऊ देणारा व्हॉल्व्ह. घरच्या अर्ध्या इंची लाइनीवर प्लंबर तो बसवून देतो. त्याच्यावर बाण कोरलेला असतो. बाणाचं टोक घराकडे आहे ना, ते आपण उभं राहून पाहायचं. मात्र आत कचरा अडकला की व्हॉल्व्ह नीट मिटत नाही, त्यामुळे एनआरव्ही आहे म्हणून नळी बुडवायची मोकळीक नाही.

नळ आल्यावर पहिलं पाणी झाडांना किंवा अंगणाला द्या. गढूळपणा, वास, फेस दिसला तर लाइन साफ होईपर्यंत पिण्याचं भरू नका, आणि शेजारीही सांगा. जल जीवन मिशनमध्ये गावातल्या पाच बायांना पाणी तपासायचं शिक्षण आणि किट द्यायचं ठरलं आहे. तुमच्या गावात त्या पाच जणी कोण, हे विचारा. किट कपाटात असेल तर बाहेर काढा आणि लाइनीच्या शेवटच्या घरच्या नळाचं पाणी तपासा. टाकीजवळचं तर चांगलंच निघतं.

खड्डे मात्र एकेकट्या घराने बुजणार नाहीत, दाब वाढल्याशिवाय ती बाई पाइप वर घेणार नाही. म्हणून पुढच्या पाण्याच्या दिवशी गटातल्या दोघीतिघींनी गल्लीभर फिरा. किती नळ खड्ड्यात, किती बिनतोटीचे, कुठे पाइप नालीतून गेला, ते वहीत लिहून घ्या. ती यादी अर्जाला जोडा, गल्लीतल्या सगळ्या बायांच्या सह्या घ्या आणि ग्रामसभेच्या आधी ग्रामपंचायतीत देऊन पोच मागून घ्या.