विद्यापीठ, नाटक आणि निर्वासितांची छावणी



विद्यापीठांत संज्ञापन आणि नाट्य हे विषय कसे शिकवितात, आणि त्यांत संशोधन म्हणून काय करतात, यावर बोलावे असे चालकांनी आम्हांला सुचविले, तेव्हा आमचे काही मित्र हसले. आमची शाळा सातवीला सुटली. पुढचे सगळे शिक्षण युनियनच्या कचेरीतल्या कपाटावर झाले. परंतु उभी हयात गेटसभा घेण्यात घालविलेल्या माणसाची या विषयाशी सोयरीक असतेच. पाळी सुटल्यावर घराकडे निघालेल्या माणसांना पंधरा मिनिटे उभे करावयाचे, ही आमची नित्याची परीक्षा. म्हणून आम्ही आज एकाच विभागाची, आणि त्यातल्याही एकाच प्राध्यापकाची हकीकत सांगणार आहोत.

अमेरिकेत शिकागोला लागून इव्हॅन्स्टन नावाचे गाव आहे. तेथील नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात १८७८ साली रॉबर्ट कम्नॉक यांनी वक्तृत्वाचे शिक्षण सुरू केले. उभे कसे राहावे, आवाज कोठे चढवावा, कविता मोठ्याने कशी म्हणावी, असे ते शिक्षण. त्यातूनच पुढे साहित्याच्या प्रकट वाचनाचा स्वतंत्र विभाग निघाला. १९८४ मध्ये त्या विभागाने आपले नाव बदलून 'परफॉर्मन्स स्टडीज' असे ठेवले. आपण प्रयोगविद्या म्हणू या. आता केवळ छापील संहिता नव्हे, तर कथेकऱ्याची कथा, अंत्यविधी, मिरवणूक, मोर्चा हेही अभ्यासाचे विषय ठरले. पाटी बदलली म्हणजे दुकानातला माल बदलतोच असे नाही. येथे मात्र बदलला.

या विभागात ड्वाइट कॉन्करगुड हे प्राध्यापक होते. १९८५ साली ते थायलंडच्या ईशान्य भागातील बान विनाई या छावणीत गेले. लाओसच्या डोंगरांत राहणारे ह्मोंग लोक अमेरिकेच्या गुप्तहेर खात्याच्या बाजूने लढले होते; १९७५ मध्ये ती बाजू हरली आणि हे लोक मेकाँग नदी ओलांडून पळाले. छावणीत चाळीस हजारांवर माणसे दाटीने राहत होती. तेथील मदतसंस्थेला आरोग्याचा प्रचार हवा होता, आणि नाटकवाला मनुष्य बोलावल्यास आपला निरोप लोकांच्या गळी उतरेल, अशी अपेक्षा होती.

कॉन्करगुड यांनी पहिली गोष्ट केली ती अशी, की ते छावणीतच, ह्मोंगांसारख्या झोपडीत, कोंबड्या आणि डुकराच्या सोबतीने राहिले. आजारी पडले तेव्हा त्यांनी ह्मोंगांची औषधी मुळे घेतली. डेंग्यू झाला तेव्हा डॉक्टरकडेही गेले, आणि तेथल्या भगताने 'तुमचा आत्मा घरच्या ओढीने शिकागोस गेला आहे' असे निदान करून दोन कोंबड्या बळी दिल्या, तेही त्यांनी मानले. शास्त्रीय दृष्टीच्या श्रोत्यांनी रागावू नये. ज्याचे आपण काही घेत नाही, त्याने आपले का घ्यावे?

त्या सुमारास छावणीत कुत्र्यांना रेबीजची लस टोचावयाची होती, आणि कोणी कुत्री आणीना. कॉन्करगुड यांनी ह्मोंग नटांची मंडळी उभी करून मिरवणूक काढली. तिच्या अग्रभागी ह्मोंगांच्या लोककथांतले वाघ, कोंबडा आणि कुत्रा. वाघ बांबूच्या नळ्यांचे त्यांचे वाद्य वाजवीत नाचला, कुत्रा ढोल बडवीत गायला, आणि रोग कसा होतो हे कोंबड्याने समजावले. दुसऱ्या दिवशी लस टोचणाऱ्यांचे हात पुरेनात इतकी कुत्री आली.

नंतर स्वच्छतेसाठी बांबूच्या सांगाड्यावर हसऱ्या तोंडाची एक प्रचंड 'स्वच्छ माता' उभारण्यात आली. आमच्या मते खरा धडा येथे आहे. मदतकार्यातल्या पुष्कळ गोऱ्या माणसांचे मत असे, की ह्मोंग जात्याच घाणेरडे. स्वच्छ मातेचे म्हणणे निराळे होते: डोंगरावर वस्त्या विरळ होत्या, वारा आणि पाऊस कचरा नेत असे, येथे दाटी झाली, म्हणून निराळे वागावे लागते. म्हणजे दोष माणसाच्या जातीत नाही, जागेत आहे. ज्याला घाणेरडा म्हटले त्याला असे सांगितले म्हणजे तो ऐकतो. अर्थात गाण्याने संडास बांधले जात नाहीत, हे आम्ही जोडून सांगतो. ते मदतसंस्थेनेच बांधावयाचे असतात.

आमच्या कारखान्यांत दर साल ४ मार्चला राष्ट्रीय सुरक्षा दिन होतो. शपथ होते, फलक लागतात, अपघाताच्या चौकशीत 'कामगाराचा निष्काळजीपणा' हे शब्द ठरलेले. आमच्या पाहण्यातल्या एका कारखान्यात प्रेसवरचे संरक्षक कवच माणसे काढून ठेवीत. कारण ते लावून ठरलेला आकडा भरत नसे. फलकावर तो आकडा कधी लिहिलेला नव्हता. कॉन्करगुड यांचे मत असे, की संवाद दोन्ही बाजूंनी झाला पाहिजे. ह्मोंगांनी शिकावे तसे मदत करणाऱ्यांनीही शिकावे. आमच्या येथे त्याचा अर्थ असा, की सुरक्षेचे नाटक मॅनेजरसाहेबांनीही पहिल्या रांगेत बसून पाहावे, आणि त्यात तो आकडा एक पात्र असावा.

परत आल्यावर, १९८७ च्या अखेरीस, कॉन्करगुड शिकागोच्या आल्बनी पार्क भागातल्या 'बिग रेड' नावाच्या पडक्या चाळवजा इमारतीत बिऱ्हाड करून राहिले. बाहेरचे लोक तिला गुन्हेगारांचा अड्डा म्हणत. आत नाना देशांची माणसे, मालक दुरुस्ती करीना, तेव्हा शेजारीच एकमेकांच्या उपयोगी पडत. चाळीत वाढलेल्या श्रोत्यांना हे नवे नाही. पण विद्यापीठाच्या प्रबंधात ते 'ज्ञान' म्हणून नोंदले गेले, हे नवे आहे. आमचा एक आक्षेप उरतो. प्राध्यापकाला परत जावयास विद्यापीठ असते, भाडेकरूला नसते. कॉन्करगुड २००४ मध्ये वारले, छावणी १९९२ मध्येच बंद झाली होती; ह्मोंगांपैकी पुष्कळजण अमेरिकेत गेले आणि तेथे पुन्हा दवाखान्याची तीच अडचण त्यांच्यापुढे उभी राहिली.

या सभेस महाविद्यालयातील नाट्यमंडळाची मुले-मुली आलेली दिसतात. त्यांपैकी कोणाला प्रेसखात्याच्या पाळीबरोबर महिनाभर राहून ४ मार्चसाठी काही रचावयाचे असेल, तर युनियनची कचेरी संध्याकाळी सहानंतर उघडी असते. राहण्याची सोय कामगारांच्या खोल्यांतच होईल.