पाचशे डॉलरांची मोटार

जुन्या मोटारीचा जीर्णोद्धार म्हणजे ती कारखान्यातून जशी बाहेर पडली तशी करणे, असा सर्वसाधारण दंडक आहे. परंतु जिचे सारे मोल मागाहून केलेल्या फेरफारांत आहे, तिचे काय करावे? ती मूळ रूपास नेणे म्हणजे तिचा नाशच करणे होय.

अमेरिकेतील बॉब हिरोहाता या तरुणाची मोटार याचे उत्तम उदाहरण आहे. १९५१ च्या घडणीची ही मर्क्युरी गाडी त्याने कॅलिफोर्नियात सॅम व जॉर्ज या बॅरिस बंधूंच्या कारखान्यात नेली. १९५२ मध्ये त्यांनी तिचा कायापालट केला. छप्पर पुढून चार इंच व मागून सात इंच खाली आणले, खिडक्यांमधील खांब काढला आणि दोन हिरव्या छटांचा रंग चढविला. पत्रा कापून पुन्हा जोडताना राहणारे सांधे त्या काळी वितळलेले शिसे भरून घासून काढीत. हाताला सांधा लागू नये, ही त्या कारागिरीची कसोटी होती.

तथापि कीर्तीचे आयुष्य अल्प असते. १९५५ च्या एका चित्रपटासाठी मोटारीचा रंग बदलला. पुढे ती विकली गेली, फॅशनही पालटली. १९५९ मध्ये जिम मॅकनील या विशीच्या आतील मुलाने ती अवघ्या ५०० डॉलरांना घेतली. काही वर्षे वापरून त्याने ती गॅरेजात ठेवली. पण विकली नाही.

कित्येक वर्षांनी जीर्णोद्धार सुरू झाला, तेव्हा प्रश्न उभा राहिला: मोटारीचे खरे रूप कोणते? कारखान्यातले नव्हे, चित्रपटातलेही नव्हे. बॅरिस बंधूंच्या हातून उतरलेले १९५२ चे रूपच खरे ठरले. जुनी छायाचित्रे व मासिके येथे साक्षीदार झाली. २०१५ मध्ये पेबल बीच येथील प्रदर्शनात तिने आपल्या वर्गात पहिला क्रमांक पटकाविला. २०१७ मध्ये अमेरिकेच्या ऐतिहासिक वाहनांच्या राष्ट्रीय नोंदवहीत तिचा समावेश झाला.

जानेवारी २०२२ मध्ये फ्लोरिडातील किसिमी येथे तिचा लिलाव झाला. १९ लाख ५० हजार डॉलरांवर हातोडा पडला. खरेदीदाराच्या शुल्कासह रक्कम २१ लाख ४५ हजार झाली. ही किंमत पत्र्याची वा इंजिनाची नव्हती. ही तीच मोटार आहे याचा अखंड पुरावा आणि त्या कारागिरांची शाबूत राहिलेली करणी, यांची ती किंमत होती. हुबेहूब नक्कल आजही घडविता येईल. पण तिला हा भाव मिळणार नाही.

हा लिलाव पाहण्यास मॅकनील नव्हता. २०१८ मध्येच तो निवर्तला होता. लिलावात बोली करणारे अनेक असतात. परंतु ज्या काळात वस्तूला कोणी विचारीत नाही, त्या काळात तिला सांभाळणारा एखादाच असतो. तो नसता, तर बोली लावण्यास काही उरलेच नसते.