लोकार्नोच्या शांततेतील पंक्तिभेद



दोन महायुद्धांच्या दरम्यान युरोपात झालेल्या शांतताप्रयत्नांचा, आणि त्यातही १९२५ च्या लोकार्नो करारांचा विषय आज विचारासाठी घेतला आहे. त्या वीस वर्षांकडे बहुधा दुसऱ्या महायुद्धाची प्रस्तावना म्हणूनच पाहिले जाते, आणि त्यामुळे त्या काळातील मुत्सद्दी एक तर भाबडे ठरतात, नाही तर भित्रे. हा निवाडा सोपा असला तरी न्याय्य नाही. लोकार्नोची शांतता भाबडेपणामुळे ढासळली नाही. काही राष्ट्रांच्या सीमा हमीस पात्र आणि काहींच्या सीमा वाटाघाटीस मोकळ्या असा भेद तिच्या पायातच घातला गेला होता, आणि त्याच भेदाने ती आतून पोखरली, हे या भाषणाचे मुख्य प्रतिपादन आहे.

या करारांची गरज का निर्माण झाली, हे प्रथम पाहिले पाहिजे. २८ जून १९१९ रोजी सही झालेल्या व्हर्सायच्या तहाने जर्मनीवर युद्धाची जबाबदारी आणि युद्धभरपाईचा, म्हणजे जेत्या राष्ट्रांच्या नुकसानीपोटी द्यावयाच्या रकमेचा, बोजा लादला, आणि १९२१ मध्ये ही रक्कम १३२ अब्ज सुवर्ण मार्क इतकी ठरवण्यात आली. हप्ते थकल्याचे कारण दाखवून फ्रान्स आणि बेल्जियम यांनी जानेवारी १९२३ मध्ये रूर हा जर्मनीचा कोळसा-पोलादाचा प्रदेश व्यापला, तेथील कामगारांनी असहकार पुकारला, जर्मन चलन पार कोसळले आणि फ्रान्सच्या पदरातही फारसे काही पडले नाही. बळाने तह पाळायला लावता येतो, हा समज त्या वर्षी संपला. १९२४ च्या डॉज योजनेने भरपाईचे हप्ते जर्मनीला पेलतील असे बांधून दिले. सुरक्षिततेचा प्रश्न मात्र तसाच लोंबकळत राहिला. लवाद, सुरक्षितता आणि निःशस्त्रीकरण यांची सांगड घालणारा १९२४ चा जिनीव्हा मसुदा ब्रिटनने मार्च १९२५ मध्ये फेटाळल्यावर जर्मन परराष्ट्रमंत्री गुस्टाव्ह स्ट्रेसमान यांनी आधीच पुढे केलेला ऱ्हाइन सीमेच्या परस्पर हमीचा प्रस्ताव हाच काय तो मार्ग उरला.

स्वित्झर्लंडमधील माज्जोरे सरोवराच्या काठी वसलेल्या लोकार्नो या लहानशा गावी ५ ते १६ ऑक्टोबर १९२५ या काळात परिषद भरली. स्ट्रेसमान, फ्रान्सचे आरिस्तीद ब्रियाँ आणि ब्रिटनचे ऑस्टिन चेंबरलेन हे तिचे सूत्रधार होते, आणि जेते व पराभूत हे समान पातळीवर वाटाघाटीला बसले, ही युद्धोत्तर युरोपात नवी गोष्ट होती. या परिषदेची कार्यपद्धती कळण्यास १० ऑक्टोबरचा सरोवरातील नौकाविहार पुरेसा आहे. राष्ट्रसंघाच्या, म्हणजे लीग ऑफ नेशन्सच्या, घटनेतील सोळाव्या कलमानुसार आक्रमक राष्ट्राविरुद्धच्या कारवाईत प्रत्येक सभासदाने सहभागी व्हावे, सहकारी सैन्याला आपल्या भूमीतून वाट द्यावी, असे बंधन होते. सोव्हिएत रशियाविरुद्ध अशी कारवाई झाली तर निःशस्त्र केलेली आणि युरोपच्या मध्यभागी असलेली जर्मनी आयतीच रणभूमी बनेल, ही स्ट्रेसमान यांची धास्ती होती. परिषदेच्या दालनात अडलेला हा प्रश्न नौकेवर मोकळेपणाने बोलला गेला, आणि प्रत्येक सभासदाने आपली लष्करी स्थिती व भौगोलिक स्थान यांना साजेल एवढेच सहकार्य करावे, अशा अर्थाचे पत्र अखेरीस करारांना जोडण्यात आले. समोरच्याची भीती खरी आहे असे मानून तिच्यावर शब्दांचा तोडगा शोधणे ही मुत्सद्देगिरीची खरी कामगिरी असते, आणि ती येथे घडली. मात्र त्याच पत्राने राष्ट्रसंघाच्या सामूहिक कारवाईची धार बोथट केली, हेही नाकारता येत नाही.

करारांचे स्वरूप दुहेरी होते. मुख्य ऱ्हाइन करारात जर्मनी, फ्रान्स आणि बेल्जियम यांनी आपापसातील सीमा जैसे थे ठेवण्याची, परस्परांवर आक्रमण न करण्याची आणि ऱ्हाइनलँड हा प्रदेश निर्लष्करी, म्हणजे सैन्य व तटबंदी यांपासून मुक्त, राखण्याची ग्वाही दिली, आणि ब्रिटन व इटली हे तिचे हमीदार झाले. पोलंड आणि चेकोस्लोव्हाकिया यांच्याशी मात्र जर्मनीने केवळ लवादाचे, म्हणजे वाद त्रयस्थाकडे सोपवण्याचे, करार केले. त्यांच्या सीमा जर्मनीने अंतिम म्हणून मान्य केल्या नाहीत आणि ब्रिटनने त्यांची हमी घेतली नाही. पोलंडला समुद्राशी जोडणाऱ्या पट्ट्यासाठी कोणतेही ब्रिटिश सरकार एकाही सैनिकाचा जीव धोक्यात घालणार नाही, असे चेंबरलेन यांनी त्याच वर्षी फेब्रुवारीत खासगी पत्रात लिहिले होते. पोलंडचे स्क्शिन्स्की आणि चेकोस्लोव्हाकियाचे बेनेश यांना परिषदेत स्थान मिळाले तेही अखेरच्या टप्प्यात, जेव्हा पश्चिमेच्या प्रश्नांचा निकाल जवळपास लागला होता. एकाच पंगतीला बोलावून काहींच्या पानात पक्वान्न आणि काहींच्या पानात नुसता भात वाढावा, तसा हा पंक्तिभेद होता. फ्रान्सने दोन्ही पूर्वेकडील मित्रांशी स्वतंत्र साहाय्य करार करून तो झाकण्याचा प्रयत्न केला, पण झाकल्याने भेद मिटत नाही.

हा भेद लोकार्नोपुरता नव्हता. त्या काळच्या सर्व शांतताव्यवस्थेत तो मुरलेला होता. परिषद संपून आठवडा उलटतो न उलटतो तोच ग्रीस-बल्गेरिया सीमेवर गोळीबार झाला आणि ग्रीक फौजा बल्गेरियात शिरल्या. बल्गेरियाने राष्ट्रसंघाकडे दाद मागताच त्या वेळी कौन्सिलचे अध्यक्ष असलेल्या ब्रियाँ यांनी तारेने दोन्ही पक्षांना थांबण्यास बजावले, २६ ऑक्टोबरला पॅरिसमध्ये कौन्सिलची बैठक भरली, सैन्य मागे घेण्यासाठी तासांची मुदत घालण्यात आली, ग्रीसने ती पाळली आणि चौकशीनंतर ४५,००० पौंडांची भरपाई दिली. राष्ट्रसंघाचे हे निर्विवाद यश होते. परंतु दोनच वर्षांपूर्वी, ऑगस्ट १९२३ मध्ये, ग्रीक भूमीवर एका इटालियन सेनापतीची हत्या झाली तेव्हा मुसोलिनीच्या आरमाराने कोर्फू बेटावर तोफा डागून ते व्यापले होते, आणि तेव्हा मात्र प्रकरण राष्ट्रसंघाच्या हातून निघून बड्या राष्ट्रांच्या राजदूतांच्या मंडळाकडे गेले आणि ५ कोटी लिरा भरावे लागले ते ग्रीसलाच. आक्रमण सोसले तेव्हाही दंड ग्रीसने भरला आणि आक्रमण केले तेव्हाही ग्रीसनेच; यातून छोट्या राष्ट्रांनी जो बोध घ्यायचा तो घेतला.

तरीही या प्रयत्नांना ढोंग म्हणणे अन्यायाचे ठरेल. सप्टेंबर १९२६ मध्ये जर्मनी राष्ट्रसंघात, त्याच्या कौन्सिलची कायम सदस्य म्हणून, दाखल झाली, त्या वर्षीचे नोबेल शांतता पारितोषिक ब्रियाँ व स्ट्रेसमान यांना विभागून मिळाले, आणि व्हर्सायच्या तहानुसार ऱ्हाइनलँडमध्ये ठेवलेले अखेरचे फ्रेंच सैन्य जून १९३० मध्ये ठरलेल्या मुदतीच्या पाच वर्षे आधी बाहेर पडले. स्ट्रेसमान यांना पूर्वेची सीमा बदलून हवी होती, ही गोष्ट त्यांच्या मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या पत्रांतून उघड आहे. पण ती वाटाघाटीने बदलावी हा त्यांचा मार्ग होता, आणि हिटलरच्या मार्गाशी त्याची गल्लत करता येत नाही. ३ ऑक्टोबर १९२९ रोजी ते वारले, त्याच महिन्यात न्यूयॉर्कचा शेअर बाजार कोसळला, आणि सप्टेंबर १९३० च्या निवडणुकीत नाझी पक्षाने राइशस्टाग या जर्मन संसदेत १०७ जागा मिळवल्या. सलोख्याचे फळ पिकायला जो अवधी लागतो, तोच नेमका मिळाला नाही.

७ मार्च १९३६ रोजी हिटलरने ऱ्हाइनलँडमध्ये सैन्य घुसवले तेव्हा या व्यवस्थेचा दुसरा दोषही उघडा पडला. ब्रिटन हा फ्रान्स आणि जर्मनी या दोघांचाही हमीदार असल्याने दोहोंपैकी एकाशी लष्करी आराखडे आखणे त्याला परवडणारे नव्हते, आणि म्हणून हमी कागदावर राहिली, तिच्यामागे सैन्याची तयारी उभी राहिलीच नाही. इटली हा दुसरा हमीदार तर स्वतःच इथिओपियावर आक्रमण करून बसला होता. राष्ट्रसंघाच्या कौन्सिलने करारभंग झाल्याचा निर्णय दिला, पण पुढे काहीही झाले नाही. याचा खरा फटका पूर्वेला बसला. जर्मनीने पोलंड किंवा चेकोस्लोव्हाकियावर हल्ला केला, तर फ्रान्सने त्यांच्या मदतीला जायचे ते ऱ्हाइनलँडमधूनच, आणि तेथे तटबंदी उभी राहू लागताच ती वाट बुजली. पश्चिमेची हमी पूर्वेच्या सुरक्षिततेपासून वेगळी काढता येते, या गृहीतावर लोकार्नो उभे होते. ते गृहीत मुळातच खोटे होते, कारण एकीचा आधार दुसरीत होता. सप्टेंबर १९३८ मध्ये म्युनिकला जमलेली ब्रिटन, फ्रान्स, जर्मनी आणि इटली ही चारही राष्ट्रे लोकार्नोची स्वाक्षरीकर्ती होती, आणि ज्या चेकोस्लोव्हाकियाचे लचके तोडले जात होते, त्याच्या प्रतिनिधींना निर्णय झाल्यावर तो फक्त कळवण्यात आला. १९२५ मध्ये ज्यांना उशिरा बोलावले, त्यांना १९३८ मध्ये बोलावण्याचीही गरज वाटली नाही.

भारतीय अभ्यासकांना हा इतिहास परका नाही. भारत पारतंत्र्यात असूनही राष्ट्रसंघाचा संस्थापक सभासद होता. लोकार्नोच्या मुख्य कराराच्या नवव्या कलमात तर ब्रिटिश साम्राज्यातील स्वायत्त वसाहती (डोमिनियन) आणि भारत यांच्यावर, त्यांच्या सरकारांनी मान्यता दिल्याखेरीज, कोणतेही बंधन येणार नाही, असे नमूद आहे. युद्ध हे राष्ट्रीय धोरणाचे साधन म्हणून त्याज्य ठरवणाऱ्या २७ ऑगस्ट १९२८ च्या पॅरिस करारावरही भारताच्या नावाने सही झाली. या सर्व ठिकाणी ‘भारत’ म्हणजे लंडनला जबाबदार असलेले सरकार होते, आणि ३ सप्टेंबर १९३९ रोजी व्हाइसरॉयने भारत युद्धात असल्याचे जाहीर केले तेव्हा भारतीय जनतेच्या प्रतिनिधींना विचारलेही नाही. शांततेचे वचनही तिच्या वतीने दिले गेले आणि युद्धाची घोषणाही. दोन्ही वेळा तिच्या संमतीची दखल नव्हती. प्रागमधील आणि पुण्या-मुंबईतील माणूस या एका अनुभवाने जोडला गेलेला आहे.

म्हणून मराठी इतिहाससंशोधनाने या कालखंडाकडे नव्या तयारीने वळावे, अशी कळकळीची विनंती आहे. ब्रिटिश, फ्रेंच आणि जर्मन परराष्ट्र खात्यांची कागदपत्रे आज छापील खंडांत उपलब्ध आहेत; जर्मन आणि फ्रेंच भाषा शिकलेले तरुण विद्यापीठांत आहेत; उणीव आहे ती मूळ साधनांवरून मराठीत लिहिण्याच्या चिकाटीची. त्या लेखनाने १९२५ च्या माणसांना १९३९ चे ज्ञान चिकटवू नये, त्यांच्या धैर्याचे श्रेय त्यांना द्यावे, आणि तरीही प्रत्येक शांतताकरारासमोर एक प्रश्न ठामपणे उभा करावा, तो हा की जे वाटाघाटीला हजर नव्हते त्यांच्या सीमांचे, घरांचे आणि संमतीचे त्यात काय झाले. ज्या कराराला या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर देता येत नाही, त्याची शांतता ज्यांना ती मिळाली त्यांच्याकडेही फार काळ टिकत नाही, हे लोकार्नोने युरोपला अवघ्या अकरा वर्षांत शिकवले, आणि शांततेची मनापासून इच्छा करणाऱ्या प्रत्येकाने हे शिकून घेण्यासारखे आहे.