भाताचा वाडगा किती ग्रॅमचा?



 तळेगावातल्या या मधुमेहाच्या परिषदेला स्वागताध्यक्ष म्हणून तांदळाचा व्यापारी धरून आणला, यावरून संयोजकांची बरीच थट्टा झाली आहे. पण आजचा विषय कोरियातल्या मधुमेहींच्या आहाराचा, आणि तो भाताला वगळून निघणार कसा? आपला मावळचा इंद्रायणी शिजल्यावर चिकट होतो, म्हणून चाकण-तळेगाव पट्ट्यात राहायला आलेल्या कोरियन गिऱ्हाइकांना तो चालतो. त्यांच्याशी बोलता बोलताच मला या विषयाचा नाद लागला.

कोरियात तिशीपुढच्या दर सहा-सात माणसांत एकाला मधुमेह आहे. पाश्चात्त्य रुग्णांच्या मानाने तिथल्या रुग्णांचं वजन कमी असतं, आणि शरीरात इन्सुलिनही कमी तयार होतं. पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांचं काम ठाऊक असलेल्यांना, बारीक अंगकाठीच्या माणसालाही साखर कशी गाठते, हे मी सांगायला नको. कोरियाच्या मधुमेह संघटनेने एचबीएवनसीचं, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर दाखवणाऱ्या तपासणीचं, लक्ष्य ६.५ टक्क्यांच्या खाली ठेवलं आहे. तिथवर निम्म्याहून कमी रुग्ण पोहोचतात.

दोष भातावर ढकलून मोकळं होता येत नाही. १९७० साली कोरियन माणूस वर्षाला सरासरी १३६ किलो तांदूळ खात होता, २०२३ साली ५६ किलो. मधुमेह मात्र वाढतच गेला. हा आकडा माझ्या धंद्याला सोयीचा आहे, हे उघड आहे! पण भात घटला तशी पाकिटातल्या शेवया, पाव आणि गोड पेयं वाढली. वजनं वाढली, समाजाचं वयही वाढलं.

मला सर्वांत भावलं ते त्यांच्या वाडग्याचं माप. तांदळाची टंचाई होती तेव्हा सरकारने भातात सातू, म्हणजे बार्ली, मिसळायला लावली. शाळेत मास्तर पोरांचे डबे उघडून बघत. नुसता पांढरा भात दिसला की बोलणी बसत. १९७६ साली सोल शहराने खाणावळीतल्या स्टीलच्या वाडग्याचं मापच ठरवून दिलं: आतला व्यास १०.५ सेंटिमीटर, उंची ६ सेंटिमीटर, आणि तोही चार पंचमांशच भरायचा. त्यात आरोग्याचा विचार नव्हता, तांदूळ वाचवायचा होता.

आज तिथला आहारतज्ज्ञ हिशेब मांडतो तोही वाडग्यानेच. एका वाडग्यात २१० ग्रॅम भात धरतात, म्हणजे ३०० कॅलरी. त्याचे तीन भाग. ७० ग्रॅमच्या एका भागात १०० कॅलरी आणि २३ ग्रॅम कर्बोदकं. ‘दोन भाग घ्या’ म्हटलं की रुग्णाला वाडगा कुठवर भरायचा ते कळतं. भाताऐवजी पाव हवा असेल तर एका भागाला ३५ ग्रॅम, तोक, म्हणजे तांदळाच्या पिठाची चिवट वडी, हवी असेल तर ५० ग्रॅम. आणि एकेकाळी गरिबाचा म्हणून ज्याला नाकं मुरडली तो सातूमिश्रित भात आता डॉक्टरच सुचवतात.

सगळं काही आलबेल नाही. किमची झाली तरी मीठ आलंच, आणि मधुमेहाच्या जोडीला रक्तदाब असलेल्यांना ते नडतं. ऑफिसच्या मंडळींबरोबर रात्री बाहेर जेवायला गेलं की भाजलेलं मांस, सोजूचे पेले, आणि पोट भरल्यावर त्याच तव्यावर परतलेला भात. तिथे भल्याभल्यांचे हिशेब कोलमडतात. त्यावर कोरियाहून आलेले पाहुणे बोलतीलच.

मी आपल्याबद्दल बोलतो. आपल्या आहारतक्त्यांत सर्रास ‘एक वाटी भात’ असं लिहिलेलं असतं. कुणाची वाटी? आमच्या एका मांडणीवर तीन मापांच्या वाट्या आहेत, आणि शीग लावून वाढायची पद्धत आहे ती वेगळीच.

दुपारी दीड वाजता जेवण आहे. इंद्रायणीचा भात आहे, सातू घातलेलाही आहे, आणि पातेल्यांशेजारी वजनकाटा ठेवला आहे. नेहमीसारखा भात वाढून घ्या आणि खाण्याआधी वजन करा. उद्या समारोपाला जो नमुना आहारतक्ता आपण मंजूर करणार आहात, त्यात प्रत्येक वाटीपुढे ग्रॅम लिहिलेले असावेत, एवढी स्वागत समितीची विनंती आहे.