दारूचा मक्ता आणि बायकांचे मत
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



दारूच्या दुकानाविषयी आपण हळदीकुंकवाला, बाजारात, नेहमी बोलतो. शेवटी कोणीतरी म्हणते, "सरकारचा परवाना आहे, आपण काय करणार?" आणि बोलणे तेथेच थांबते. हा परवाना मुळात कसा आला आणि त्यात आपला हात कोठवर पोचतो, एवढेच आज मी सांगणार आहे.

१८५३ साली निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिले. १८६४ साली वेगळा झालेला आपला जिल्हा पुढे वणी जिल्हा म्हणून ओळखला जाई. यवतमाळ हे नाव त्याला १९०५ साली मिळाले. त्या काळी आपल्याकडची दारू मुख्यतः मोहफुलांची. ती गाळण्याचा आणि विकण्याचा हक्क सरकार हर्रास करून देई. जो जास्त बोली बोलेल, त्याला मक्ता. आता घर चालवणाऱ्या बाईला हा हिशेब समजायला वेळ लागत नाही. ज्याने मोठी रक्कम भरून मक्ता घेतला, तो ती वसूल कशी करणार? गिऱ्हाईक वाढवूनच! कित्येक ठिकाणी मक्तेदाराची स्वतःची भट्टी असे. त्याने किती दारू गाळली यावर कर नसे, म्हणून जितकी जास्त गाळावी तितका त्याचा फायदा.

तिकडे मुंबई इलाख्यात १८७८ साली अबकारी कायदा झाला. गावोगावच्या भट्ट्या मोडून दारू सरकारी देखरेखीखाली गाळावी आणि मापावर कर घ्यावा, असे धोरण आले. १८९२ साली ठाणे व कुलाबा जिल्ह्यांसाठी मोहफुलांचाच कायदा झाला आणि फुले साठवण्यावर बंधन आले. गरिबाच्या घरी तीच फुले खाण्यासाठीही ठेवीत, हे आपल्या भागातल्या बायांना सांगायला नको. कायदा कडक झाला, परंतु दुकान गावात हवे की नको, हे गावाला कोणी विचारले नाही.

विचारणारे थोडे होते. पुण्यात दारूची दुकाने वाढली, तेव्हा नगरपालिकेचे सभासद असलेले जोतीराव फुले यांनी १८८० साली पत्र लिहून हरकत घेतली. १८८९ साली विलायतेच्या पार्लमेंटात ठराव झाला, की हिंदुस्थानात लोकांच्या विरोधाला न जुमानता दारूची दुकाने उघडली जातात. पुढच्या वर्षी सरकारने मान्य केले, की दुकानाबाबत स्थानिक लोकमत अजमावावे. परंतु अजमावायचे म्हणजे साहेबाने. आणि लोक म्हणजे पुरुष. ज्या घरात चूल पेटत नव्हती, त्या घरच्या बाईला विचारण्याची सोय त्यात कोठेच नव्हती.

भगिनींनो, ती सोय आज आहे. महाराष्ट्र सरकारच्या २००८ सालच्या आदेशाप्रमाणे गावातल्या किंवा वॉर्डातल्या २५ टक्के स्त्री मतदारांनी सह्या करून अर्ज केला, तर सह्यांची तपासणी होऊन गुप्त मतदान घेतले जाते. चिठ्ठीवर दोन चित्रे असतात : उभी बाटली आणि आडवी बाटली. आडवीला निम्म्याहून अधिक मते पडली, की दुकान बंद.

परंतु येथे एक मेख आहे, ती नीट ऐका. निम्म्याहून अधिक म्हणजे मतदानाला आलेल्यांच्या नव्हे, तर यादीतल्या एकूण स्त्रियांच्या. समजा, गावच्या यादीत ६०० बाया आहेत. ४०० जणी आल्या. २९० जणींनी आडवी बाटली केली, ११० जणींनी उभी. जिंकले कोण? दुकान! कारण ३०१ मते हवी होती. ज्या २०० जणी घरी राहिल्या, त्यांनी न बोलता उभ्या बाटलीलाच मत दिले.

म्हणून माझे सांगणे भाषणापुरते नाही. मतदार यादीत आपले, सुनेचे, शेजारणीचे नाव आहे का, हे आधी पाहावे. मेलेल्या आणि गाव सोडून गेलेल्या बायांची नावे यादीत राहिली, तर तीही आपल्या विरुद्धच मोजली जातात. ती वेळेवर काढून घ्यावीत. मतदानाच्या दिवशी मजुरीला जाणाऱ्या बाईला सकाळीच घेऊन यावे, म्हातारीला हात द्यावा. सही करताना कोणी धमकावील. पण मत गुप्त असते, हे तिला समजावून सांगावे.

दुकान बंद झाले म्हणजे दारू गेली, असे मी म्हणत नाही. शेजारच्या वर्धा जिल्ह्यात १९७५ पासून दारूबंदी आहे, तरी चोरटी दारू येतेच, आणि पहारा बायांनाच ठेवावा लागतो. तरीही उघड्या रस्त्यावर, परवान्याची पाटी लावून, मुलांच्या डोळ्यांदेखत चालणारी विक्री थांबणे ही लहान गोष्ट नव्हे.

पूर्वी बोली लावणाऱ्याचा शब्द चाले. आज आपली मते मोजली जातात. ती ३०१ करायची की २९० वर थांबायचे, हे आपल्या मंडळाने ठरवावे, एवढी विनंती करून मी आपली रजा घेते.