नोकरी सोडण्याचा हक्क
(कामगार कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषण)



संपाच्या हक्काविषयी चळवळीत पुष्कळ बोलले जाते. नोकरी सोडण्याच्या हक्काविषयी फारसे कोणी बोलत नाही. वस्तुतः वेठबिगार आणि मजूर यांच्यातील भेद या हक्कावरच उभा आहे. ज्याला काम सोडता येत नाही तो, वेतन कितीही असो, स्वतंत्र नव्हे.

1859 साली इंग्रज सरकारने कामगारांच्या करारभंगाविषयी कायदा केला. उचल घेतलेल्या कारागिराने वा मजुराने काम टाकले, तर मॅजिस्ट्रेट त्याला परत कामावर धाडू शके. न ऐकल्यास तीन महिने तुरुंगात टाकू शके. मालकाने करार मोडला तर दिवाणी दावा, मजुराने मोडला तर गुन्हा! हा कायदा रद्द व्हायला 1925 साल उजाडावे लागले.

तुरुंग गेला, कागद मात्र राहिला. आजच्या नेमणूकपत्रात बहुधा दोन कलमे असतात. एक, राजीनाम्यापूर्वी दोन-तीन महिन्यांची नोटीस देण्याचे. दुसरे, नोकरी सोडल्यावर वर्ष-दोन वर्षे प्रतिस्पर्ध्याकडे काम न करण्याचे.

यांपैकी दुसऱ्या कलमाला कायद्याचा आधार नाही. 1872 च्या करार कायद्याचे कलम 27 सांगते की, कोणालाही कायदेशीर धंदा-व्यवसाय करण्यास मज्जाव करणारा करार तेवढ्यापुरता निरर्थक होय. धंद्याचा नावलौकिक विकणाऱ्यावर घातलेले वाजवी बंधन एवढाच त्या कलमातील अपवाद. बंधन अंशतः असले तरी ते चालणार नाही, असे कलकत्ता उच्च न्यायालयाने 1874 सालीच ठरविले. क्रिकेटपटू झहीर खान यांच्या जाहिरातविषयक कराराच्या खटल्यात 2006 साली सर्वोच्च न्यायालयाने हेच तत्त्व पुन्हा मान्य केले : कराराची मुदत संपली की बंधनही संपते. मालकाची खरीखुरी धंदेवाईक गुपिते जपण्याची जबाबदारी मात्र उरते. ती वेगळी गोष्ट आहे.

मुदत चालू असताना न्याय निराळा आहे. कल्याणच्या सेंचुरी रेयॉनमधील एक पाळी-पर्यवेक्षक पाच वर्षांचा करार पुरा होण्याआधी कोट्याच्या प्रतिस्पर्धी कारखान्यात गेला. उरलेल्या मुदतीपुरता त्याच्यावरील मनाईहुकूम सर्वोच्च न्यायालयाने 1967 साली कायम ठेवला. 2025 साली विजया बँकेच्या खटल्यात तीन वर्षांच्या आत नोकरी सोडणाऱ्या अधिकाऱ्याने दोन लाख रुपये भरावेत, ही अटही त्याच न्यायालयाने वैध मानली.

नोटिशीचे काय? व्यक्तिगत सेवेचा करार न्यायालय बळाने पाळावयास लावीत नाही. मालकाला मागता येते ती भरपाई; आणि करार कायद्याच्या कलम 74 प्रमाणे तीही वाजवी असावी लागते. करारात लिहिलेली रक्कम ही तिची कमाल मर्यादा. ती आपोआप वसूल होत नाही.

मग ही कलमे टिकतात कशाच्या बळावर? भीतीच्या. शेवटचा पगार अडवून धरला जातो, अनुभवाचा दाखला मिळत नाही, वकिलाचे पत्र येते. नवा मालक कचरतो आणि खटला उभा राहण्यापूर्वीच नोकरदार हरतो. निरर्थक कलमही अशा रीतीने आपले काम चोख बजावते.

उभयतांनी राजीखुशीने सह्या केल्या, हे मालकांचे ठरलेले उत्तर. 1986 साली सेंट्रल इनलँड वॉटर ट्रान्सपोर्ट कॉर्पोरेशन या सरकारी कंपनीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने या युक्तिवादातील हवाच काढून घेतली. तीन महिन्यांची नोटीस देऊन कायम नोकराला कारणाविना काढण्याचा नियम न्यायालयाने रद्दबातल ठरविला. सौदा करण्याची शक्ती ज्यांची समान नाही, त्यांच्यातील अन्याय्य करार न्यायालय राबविणार नाही, हे त्यामागील सूत्र. खाजगी मालकांच्या दारापर्यंत ते पोचविण्याचे काम अजून शिल्लक आहे.

कार्यकर्त्यांनी म्हणून नेमणूकपत्रे गोळा करून वाचावीत, कोणते कलम पोकळ आणि कोणते बाधक हे सभासदांना समजावून सांगावे. नोटिशीची मुदत उभयपक्षी सारखी असावी, हिशेब आणि दाखले अडवले जाऊ नयेत, या मागण्या करारनाम्यात घालाव्यात. एकट्याने सही करणारा माणूस कायदा जाणत असला तरी दुबळाच राहतो. त्याच्या शेजारी संघटना उभी राहिली, तरच कलम 27 कागदावरून कारखान्यात येईल.