विश्वकिरणांचा वर्षाव आणि त्याचे मोजमाप

(परभणी येथील श्रोत्यांपुढे दिलेले भाषण)



आपल्या तळहातातून दर सेकंदाला सुमारे एक म्यूऑन कण आरपार जात असतो. हा विश्वकिरणांचा प्रसाद. अवकाशातून आलेला प्रोटॉन हवेतील अणुकेंद्रावर आदळला की कणांतून कण निर्माण होतात व त्यांचा वर्षाव भूमीवर उतरतो. या वर्षावाची उपपत्ती १९३७ साली डॉ. होमी भाभा व हाइटलर यांनी मांडली.

मूळ कणाची ऊर्जा मात्र मोजायची कशी? ऊर्जा दसपट वाढली की कणांची संख्या सुमारे पन्नासपटीने घटते. सुमारे ३,००० लाख कोटी इलेक्ट्रॉन व्होल्टच्या पुढे एका चौरस मीटरवर वर्षाकाठी जेमतेम एक कण येतो. उपग्रहावरील लहानसे उपकरण त्याची वाट तरी किती पाहणार? म्हणून जमिनीवरच विस्तीर्ण जाळे पसरावे लागते.

मंडळातल्या एका पर्जन्यमापकावरून साऱ्या गावांचा पाऊस ठरतो, ही आपल्या शेतकऱ्यांची जुनी तक्रार आहे. उटी येथे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने ‘ग्रेप्स-३’ या प्रकल्पात सुमारे ४०० शोधक आठ-आठ मीटरांवर मांडले आहेत. कण किती पडले यावरून ऊर्जेचा, आणि कोठे आधी पडले यावरून दिशेचा अंदाज येतो. तथापि त्यात एक मेख आहे. प्रोटॉन व लोहाचे अणुकेंद्र यांचे वर्षाव सारखे नसतात. मूळ कण ओळखता आला नाही तर ऊर्जेचा हिशेबही चुकतो. ती ओळख म्यूऑनांच्या संख्येवरून पटते. त्यासाठी तेथे काँक्रीटच्या जाड थराखाली ३,७१२ नलिका आहेत. कोलारच्या सोन्याच्या खाणीतील जुन्या प्रयोगाच्या या नलिका पुन्हा कामी आल्या, याचे मला विशेष अप्रूप वाटते.

या सामग्रीवरून ५० ते १,३०० लाख कोटी इलेक्ट्रॉन व्होल्ट या पट्ट्यातील प्रोटॉनांचा वर्णपट २०२४ साली प्रसिद्ध झाला. या पट्ट्यात प्रोटॉनांची संख्या एकाच उताराने घटत जाते, अशी समजूत होती. प्रत्यक्षात सुमारे १६६ लाख कोटींच्या पुढे उतार सौम्य झालेला आढळला. निरनिराळ्या उगमांचे कण येथे मिसळत असावेत, असा एक तर्क आहे. परंतु आकाशगंगेतील चुंबकक्षेत्रे या कणांची वाट वळवतात. त्यामुळे आलेल्या दिशेवरून उगम गाठता येत नाही. सध्या तरी आपल्या हाती हा उतारच आहे.